कुणाचंच नसलेलं यंत्र

३ फेब्रुवारी २०२५. तंजावूरच्या कचेरीचं दोन महिन्यांचं विजेचं बिल आलं, १,८४,३१७ रुपये. त्याच दिवशी चेन्नईच्या मुख्य कचेरीचं पत्रही आलं. पर्यावरण जपण्यासाठी कंपनीनं काय केलं याचा वार्षिक अहवाल निघणार होता, आणि प्रत्येक शाखेनं विजेचा वापर पंधरा टक्क्यांनी उतरवून दाखवायचा होता. कंपनीचा धंदा सायबर सुरक्षेचा, म्हणजे दुसऱ्यांच्या संगणकांवर अष्टौप्रहर पहारा ठेवायचा. पहारेकऱ्यानं डोळा मिटायचा नाही आणि दिवाही जाळायचा नाही, असा तो हुकूम.

व्यवस्थापक गुरुमूर्तींनी दोन्ही कागद कमलाक्षीबाईंपुढे सरकवले.

"अक्का, हे तुम्हीच करू जाणे. पंधरा टक्के झाले तर एप्रिलपासून तुम्हाला कायम करायचा कागद मी स्वतः वर पाठवतो."

कमलाक्षीबाई चौपन्न वर्षांच्या, पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरकडेच राहिलेल्या मराठी घरातल्या. पंखे, दिवे, पाणी, झाडलोट, कँटीन, सगळी देखभाल त्यांच्याकडे. नऊ वर्षं दर मार्चला त्यांचा करार नवा व्हायचा. कायम झालं की घरच्यांनाही आजारपणाचा विमा मिळतो, आणि यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्या विम्यापायी अडून राहिलं होतं. तिरुवैयारूच्या घरात ते भिंत धरून चालत, आणि विचारलं की म्हणत, "चाललंय की."

बाई कामाला लागल्या. रोज सकाळी बसमधून उतरल्या की आधी मीटर वाचायचा, आकडा वहीत टिपायचा. वही मराठीत, पण अक्षरं तमिळ, कारण देवनागरी त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. काय बंद केलं, कोणत्या तारखेला, किती वाजता, सगळं त्या वहीत. जेवणाच्या सुट्टीत दिवे मालवले. कँटीनमधला दुसरा फ्रिज रिकामा करून बंद ठेवला. पोरं हसायची, "अक्का आल्या, आता श्वाससुद्धा मोजून घ्या!" बाई म्हणायच्या, "घ्या बापड्यांनो, त्याचं बिल येत नाही."

एवढं करूनही आकडा नऊ टक्क्यांच्या पुढे सरकेना. मग त्यांनी मागची खोली उघडली. जुन्या खुर्च्या, खोकी, आणि एका कोपऱ्यात संगणकासारखं, पण पडदा नसलेलं एक काळं यंत्र, घूं घूं करत चाललेलं. केवळ त्याच्यासाठी एसी चोवीस तास सुरू. बाईंनी सामानाचं रजिस्टर पाहिलं. यंत्राची नोंद नाही. माणसांना विचारलं; कुणी त्याला हात लावत नव्हतं. तरी घाई केली नाही. यंत्रावर आणि दारावर चिठ्ठी लावली : 'हे कोणाचं? सात दिवसांत सांगावं.' सात दिवस कुणी चकार शब्द काढला नाही. १७ फेब्रुवारीला सकाळी नऊ बेचाळीसला त्यांनी यंत्र बंद केलं, एसी बंद केला, दाराला कुलूप घातलं. महिनाअखेरीस वहीत साडेपंधरा टक्के दिसू लागले. गुरुमूर्तींनी पेढे मागवले.

२८ तारखेला, शुक्रवारी, त्या हरिताबरोबर जेवायला बसल्या. हरिता जानेवारीत लागलेली, पहाऱ्यावरच्या पोरांतली. मराठी घरातलीच, पण बोलताना अडखळायची. बाईंच्या डब्यातली उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पच्चडी मात्र न अडखळता संपवायची.

"काय गं, आज निवांत दिसतेस?"

"चोर सुट्टीवर गेलेत अक्का! अकरा दिवस आमच्या गळाला कुणी लागलंच नाही. पहाऱ्याचे प्रमुख वैद्यनाथ सर, त्यांनी तर चेन्नईहून गिऱ्हाइकांना पत्रसुद्धा पाठवलं, हल्ले थांबलेत म्हणून."

"गळ म्हणजे?"

हरितानं इकडेतिकडे पाहिलं. "कुणाला सांगू नका हं. एक खोटं यंत्र असतं. बाहेरून वाटतं, आत सगळा हिशेब, सगळे पासवर्ड. खरं म्हणजे आत काही नाही. आपलं कुणीच त्याला हात लावत नाही. म्हणून जो लावेल तो चोर, लगेच कळतं."

"म्हणजे कुणी वापरत नाही, हाच त्याचा उपयोग?"

"आमां, होय अक्का. ते गुपित राहावं म्हणून रजिस्टरलासुद्धा घालत नाहीत."

"असतं कुठं ते?"

"इथंच मागं कुठंतरी. मी पाहिलं नाही. त्याचं बघणारा मुलगा डिसेंबरात नोकरी सोडून गेला."

बाईंचा घास हातातच राहिला. यंत्र बंद पडलं की इशारा जायचा तो त्याच मुलाच्या पत्त्यावर. अकरा दिवस तो रिकाम्या घराची कडी वाजवत राहिला होता.

त्या उठून थेट गुरुमूर्तींकडे गेल्या. सगळं ऐकून गुरुमूर्तींनी आधी दार लोटलं.

"अक्का, जा आणि चालू करा. वीज गेली होती, आली. बस्स."

"आणि अकरा दिवस?"

"काय झालं अकरा दिवसांत? चोर आलेच नसतील."

"आले नाहीत, की आपल्याला कळले नाहीत, हे तुम्ही सांगा सार. मला तर सांगता येत नाही."

"सोमवारी अहवाल जायचा आहे. तुमचा कागद त्याच्याच पाठीवर बसून जाणार. स्वतःच्या पानात स्वतःच माती कालवता?"

बाई खुर्चीच्या पाठीला हात धरून उभ्या राहिल्या. गुडघा, विमा, नऊ वर्षं, सगळं त्यांना दिसत होतं. पण ज्या लोकांनी 'हल्ले थांबलेत' हे पत्र वाचून निर्धास्त कुलपं सैल केली असतील, तेही दिसू लागले. त्यांच्यापैकी एकाचंही नाव बाईंना ठाऊक नव्हतं.

"वैद्यनाथ सरांना फोन लावून द्या," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी लावते."

चेन्नईला वैद्यनाथांनी सगळं ऐकून घेतलं. मग रागाचा एक शब्द न काढता विचारलं, "नक्की केव्हा बंद केलं?"

"सतरा तारीख, सकाळी नऊ बेचाळीस. वहीत आहे."

"मिनिटासकट?"

"होय सार."

त्या एका नोंदीमुळे शोध नेमका कुठून सुरू करायचा ते कळलं. हरिता आणि आणखी तिघांनी चार दिवस बाकीच्या यंत्रांच्या नोंदी चाळल्या. २२ तारखेला कुणीतरी दोन गिऱ्हाइकांची दारं ढकलून पाहिली होती. आत शिरला नव्हता. त्या दोघांचे पासवर्ड बदलले, आणि वैद्यनाथांनी सगळ्यांना दुसरं पत्र लिहिलं, पहिलं चुकीचं होतं असं साफ कबूल करणारं.

काळं यंत्र पुन्हा सुरू झालं. बाईंच्याच सांगण्यावरून ते हॉलमधल्या गारव्यात हलवलं, म्हणजे मागच्या खोलीचा एसी वाचला. सगळं धरून वापर बारा टक्क्यांनी उतरला. अहवालात बाराच लिहिले गेले. पंधरा झाले नाहीत म्हणून कायम करायचा कागद निघाला नाही. करार तेवढा एक वर्षानं वाढला. यजमानांना त्यांनी हे रात्री जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "मग काय, भिंत कुठं पळून जात नाही."

गुपितं गुपित राहावीत आणि देखभाल करणाऱ्यालाही कळावं, अशी तोड शेवटी बाईंनीच काढली. कचेरीतल्या दिव्यापासून फ्रिजपर्यंत प्रत्येक वस्तूला सारखंच लेबल, त्यावर एक नंबर, आणि 'बंद करण्याआधी या माणसाला विचारा' म्हणून एक नाव. शंभर लेबलं हरितानं छापून आणली, स्वतःचे ३४० रुपये घालून. आधी मंजुरी घेतली नव्हती म्हणून कचेरीनं पावती परत केली. बाईंनी तिला, पगार झाला की मी देते, असं सांगितलं.

ते ३४० रुपये अजून द्यायचे आहेत.