मामांची बिनधुराची गाडी

माझ्या पत्नीच्या मामांइतका काळाच्या पुढे गेलेला माणूस आळेफाट्याने पाहिलेला नाही. रस्त्यावर मात्र सायकलवालेही त्यांना मागे टाकत. भारनियमनाच्या वर्षांत त्यांनी मोटारसायकल विकली आणि पुण्याहून बॅटरीवरची स्कूटर आणली. कारण मामींचा दमा. घर नाशिक रस्त्याला लागून, दारात दिवसभर ट्रकचा धूर. नारायणगावच्या डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितले होते, आणि त्या डॉक्टरांकडे मामी माणसे कोंबून नेणाऱ्या ज्या वडाप जीपने जात, तीच सगळ्यांत जास्त धूर सोडी.

गाडीची पूजा लेण्याद्रीला झाली. पुजारी नारळ उगारून थांबले. "गाडी चालू करा."

"चालूच हाये," मामा म्हणाले. पुजाऱ्यांनी वाकून सायलेन्सर शोधला, तो सापडला नाही, तेव्हा नारळ जरा हळूच आपटला.

मी वर्तमानपत्रात असल्याने मामा माझ्याकडून परदेशी बातम्यांची कात्रणे नेत आणि फाट्यावर जीपची वाट पाहणाऱ्यांना गाडीवर बसवून घेण्यासाठी वाचून दाखवत. "जपानची माणसं तयार झाली. नॉर्वेची झाली. अमेरिका अर्धी तयार हाये."

"मग राहिलेली अर्धी होऊ द्या राव," एक कांदेवाला म्हणाला, "तवर मी जीपनं जातो."

मामीही बसत नव्हत्या. "आवाज नाय, धूर नाय. लोकं म्हणतील, गाडी बंद पडलीय आन् हे उताराला सोडून चाललेत." मामांनी परदेशी बायकांचे फोटो पुढे केले. "त्यांना आळ्याची माणसं बघत न्हाईत," मामी म्हणाल्या. दोन वर्षे त्या जीपनेच गेल्या.

एका उन्हाळ्यात सकाळीच त्यांचा दमा वाढला. दारात आलेल्या जीपच्या धुराने त्या मागे फिरल्या आणि स्कूटरवर जाऊन बसल्या. आदल्या रात्री वीज नव्हती, बॅटरी अर्धीच भरलेली. नारायणगावच्या अलीकडे गाडी थांबली. मामा ढकलू लागले. तीच जीप मागून आली.

"मामा, मामींना द्या इकडं. पाच मिनिटांत पोचवतो."

मामींनी मान हलवली. "चालू द्या. बरं वाटतंय."

"अगं, मी ढकलतोय."

"ठावं हाय मला."

मामांनी दवाखान्यापर्यंत गाडी ढकलत नेली. चौथ्या दिवशी मामी तिथेच वारल्या.

मामा भेटले की हल्ली एकच विचारतात, "जीपमधी बसवली असती तर?" नारायणगावला जाऊन मी डॉक्टरांना ते विचारून आलो आहे. मामांना अजून सांगितलेले नाही. ते विचारतात, आणि मी दोन चहा सांगतो.