राजसीची पिवळी बाटली

राजसी दोन छत्र्या बाळगते. एक पर्समध्ये, एक ऑफिसच्या खणात. घराची एक किल्ली तिच्याकडे, एक वडिलांकडे आणि एक शेजारच्या गोजरबाईंकडे. गॅस बंद केला की नाही ते बघायला ती अर्ध्या जिन्यातून परत वर जाते आणि मी खाली रिक्षावाल्याची बडबड ऐकत उभी राहते. मला याचा कधी राग आला नाही. मैत्रीण घ्यायची तर खोडीसकट घ्यायची, त्यात काय. पण तिने हवासुद्धा दुसरी घ्यायची ठरवली तेव्हा माझं टाळकं सटकलं, कारण तोवर तिची दुसरी हवा मी होते.

आम्ही दोघी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत. मी स्टोअर्सला, ती सेफ्टीला. दोघी बदलापूरच्या, पण मी हेंद्रेपाड्यातली, शेतकऱ्याची पोर, पाठीला सुका भोपळा बांधून उल्हास नदीत पोहायला शिकलेली. ती फ्लॅटमधली, टोपी-चष्मा घालून तरणतलावात. माझी आई विठा तिला पहिल्यांदा भेटली तेव्हा म्हणाली, "पोरगी गुणाची हाय, पन लय भितरी." आईचं चुकलं. राजसी भित्री नाही. तिला फक्त एका गोष्टीवर अवलंबून राहता येत नाही.

कंपनीची सहल मालवणला गेली होती, तिथे सगळ्यांनी हौस म्हणून पाण्याखाली डुबकी मारली. बाकीच्यांनी फोटो स्टेटसला टाकले आणि विसरून गेले. आम्हा दोघींना मात्र किडा चावला. पुढे रीतसर कोर्स केला, कार्ड मिळवलं, आणि वर्षातून एकदा सुट्ट्या जोडून जायला लागलो. माझ्या नवऱ्याला, संतोषला, पाण्याचं वावडं. तो म्हणायचा, "जा बाई, तुझी बायको वाट बघतेय." मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

कोर्समध्ये एक गोष्ट शिकवतात. प्रत्येकाच्या सिलेंडरला श्वास घ्यायच्या दोन नळ्या असतात, एक स्वतःसाठी आणि एक जोडीदारासाठी. माझी हवा संपली तर मी राजसीची दुसरी नळी तोंडात धरायची आणि दोघींनी एकमेकींना पकडून सावकाश वर यायचं. हा सराव आम्ही इतक्यांदा केला होता की खाली नुसती नजर पुरायची. एवढं नातं माझं सख्ख्या बहिणीशीही नाही.

मग लॅबला मीनल आली. ठाण्याहून बदली होऊन. तिने म्हणे लक्षद्वीपला, थायलंडला डुबक्या मारलेल्या, स्वतःचा मास्क, पायात घालायचे स्वतःचे फिन्स, हातात पाण्याखाली चालणारं घड्याळ. आठवड्याभरात ती कँटीनमध्ये राजसीच्या शेजारी बसायला लागली. माझ्या खुर्चीवर. खुर्चीवर नाव नव्हतं लिहिलेलं, मान्य आहे, पण इतक्या वर्षांत तिथे दुसरं कुणी बसलं नव्हतं. वर राजसीला "राजू" म्हणायची. राजू. मला कधी सुचलं नव्हतं, आणि आता सुचूनही उपयोग नव्हता.

मी डबा घेऊन पोचले की दोघींचं बोलणं थांबायचं. "काय चाललंय?" विचारलं की राजसी म्हणायची, "काही नाही गं, असंच, डायव्हिंगचं." अगं मग डायव्हिंगचंच ना? मी काय भरतकाम करते का? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा आणि मी भेंडी चिवडत बसायचे.

त्या वर्षी अंदमानला जायचं ठरलं. पहिल्यांदाच तीस मीटर खोल. तोवर आम्ही अठराच्या खाली गेलो नव्हतो. आणि मीनलही येणार होती. हे ठरलं त्याच जेवणाच्या सुट्टीत राजसीने जाहीर केलं, "मी एक जादा बाटली घेणार आहे. वेगळी, स्वतःच्या नळीची, हवा किती उरली ते दाखवणाऱ्या स्वतःच्या काट्याची."

"कशाला? मी आहे ना," मी म्हटलं.

"तू आहेसच. पण खाली प्रवाह असतो तेजल. दोघी लांब गेलो तर? किंवा एकीची संपली, तिने दुसरीची ओढली आणि घाबरून दोघींची संपली तर?"

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाही."

"भरवशाचा प्रश्न नाही गं."

मीनल मध्येच म्हणाली, "अगं, खोल जाणारे सगळेच घेतात. पोनी म्हणतात त्याला." हिला कुणी विचारलं होतं? मी डबा बंद केला आणि हात धुवायला उठले.

राजसीचं खूळ कुठून आलंय ते मला माहीत होतं. तिचे वडील विष्णुपंत जन्मभर कारखान्यात ऑफिसर होते. त्यांच्या कारखान्यात एकदा एक कामगार टाकी साफ करायला उतरला आणि आतल्या वायूने कोसळला. त्याला काढायला त्याचा दोस्त हवेचा मुखवटा लावून उतरला, आत तोच काढून त्याला लावला, आणि दोघंही गेले. विष्णुपंत ही गोष्ट जेवताना सांगतात, आमटी वाढून घेता घेता. राजसी त्या आमटीवर वाढली. आमच्या कंपनीतही टाकीत माणूस उतरला की बाहेर हवेचा जादा सेट तयार ठेवायचा, कुणी कुणाला आपला मुखवटा द्यायचा नाही, हा नियम तिनेच रेटून लावलाय. पण टाकी वेगळी आणि मैत्रीण वेगळी, असं माझं म्हणणं होतं.

बाटली बघायला आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये अल्पेशभाईंकडे गेलो. आग विझवायची नळकांडी, गॅसचे सिलेंडर, त्यांच्या टेस्टिंगची कामं असं त्यांचं दुकान, आणि ओळखीतून ते डायव्हिंगचा मालही मागवून द्यायचे. तिघी गेलो, म्हणजे मीनल होतीच. अल्पेशभाईंनी सगळं मांडलं. मोठे जोड-सिलेंडर राजसीने बघताच बाजूला केले. बोटीवर चढताना कंबर मोडेल म्हणाली. मग एक मधली पिवळी बाटली, कुशीला लटकवायची. आणि एक अगदी चिमुकली, पाण्याच्या बाटलीएवढी, वरच तोंडात धरायची जागा असलेली.

"मॅडम, ये लेडीज लोक को बहुत पसंद है, पर्स में आ जायेगा," अल्पेशभाई त्या चिमुकलीबद्दल म्हणाले. "ऑक्सिजन भरवाना हो तो वो भी है अपने पास."

"नको, साधी हवाच लागते. खोलवर नुसता ऑक्सिजन विषासारखा होतो," राजसी म्हणाली. मग ती आणि मीनल पिवळ्या बाटलीवर डोकं लावून बसल्या. किती लिटर, किती मिनिटं, वर यायला किती, अंगातला वायू निघून जायला पाच मीटरवर थांबायचं त्याला किती. दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली. मी तिथे आहे हेच विसरल्या. मी काउंटरच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि ती चिमुकली विकत घेऊन टाकली. तुला माझी हवा नको ना, मग मलाही तुझी नको.

रविवारी अंबरनाथच्या तरणतलावावर मी ती मिरवली. राजसीने हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "तळाला बसून हिच्यावर श्वास घे बरं." मी बसले. जरा वेळाने ओढतेय तर काहीच येईना. वर आले तेव्हा मीनल तिच्या त्या घड्याळात बघत होती.

"तीस मीटरवर याच्या चौथ्या हिश्शाएवढाच वेळ पुरेल," राजसी हळू म्हणाली. "तिथे दाब चौपट असतो, प्रत्येक श्वासाला चौपट हवा जाते. वर पोचायच्या आत संपेल. ही आणू नकोस, हिच्या भरवशावर राहशील."

मीनल हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

अंदमानला निघताना राजसीने पिवळी बाटली रिकामी करून, तोंड उघडं ठेवून बॅगेत घातली, विमानात भरलेली चालत नाही म्हणून. विमानतळावर सिक्युरिटीवाल्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि राजसीने त्यांना सगळं शांतपणे समजावलं. मीनल शेजारी उभी राहून तिच्या वाक्यांना माना डोलवत होती. मला दोघींचे गळे धरावेसे वाटले.

बोटीवर आमचे तिथले ट्रेनर, सुयोग सर, जोड्या लावायला लागले. राजसीने हात वर केला, "तेजल माझ्याबरोबर. मीनल तुमच्याबरोबर येईल." मला इतका आनंद झाला की मी मीनलकडे बघून हसले, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

खाली निळं-काळं, गार. काही वेळ आम्ही दोघीच होतो आणि सगळं पूर्वीसारखं होतं. मग मीनल बाजूने आली. राजसीला खडकाखालचा कसलासा मासा दाखवायला लागली. दोघी वाकून बघतायत. मी मध्ये घुसायला जोरात पाय मारले. त्या पुढे सरकल्या, मी परत मारले. प्रवाह उलटा होता. काटा बघायचा असतो दर थोड्या वेळाने, पण माझे डोळे मीनलच्या पाठीला चिकटलेले. बघितला तेव्हा काटा लालमध्ये होता आणि श्वास ओढायला जड जात होता.

मी राजसीचा खांदा ओढला आणि गळ्यावरून हात फिरवला. हवा नाही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मी तिच्या दुसऱ्या नळीकडे हात नेला, तर तिने तो बाजूला केला आणि कुशीची पिवळी बाटली सोडवून अख्खी माझ्या हातात दिली. नळी माझ्या तोंडात दिली. हवा आली. साधी, भरपूर हवा. आम्ही सावकाश वर आलो, पाच मीटरवर थांबलो, तिथेही ती संपली नाही. सुयोग सर आणि मीनल शेजारी होते.

बोटीवर सरांनी मला सणसणीत झापलं, ते बरोबरच होतं. राजसीने माझ्या अंगावर टॉवेल टाकला आणि पाठ चोळत बसली. माझ्याच शेजारी, माझ्याच पाठीवर हात. मला वाटलं, बस, आता कुणी येऊ दे मध्ये.

तेवढ्यात मीनल चहाचा कप घेऊन आली आणि अगदी मनापासून म्हणाली, "बरं झालं ना राजू, आपण ही मधली घेतली ते. मी हिच्याहून एक साइज लहान म्हणत होते, पण तू म्हणालीस तेजलला लहान पुरणार नाही."

मी राजसीकडे बघितलं. "म्हणजे?"

ती टॉवेलचं टोक नीट करत म्हणाली, "तुझी हवा नेहमीच आधी संपते तेजल. तू चिडलीस की श्वास वाढतो तुझा. तीस मीटरवर ते चाललं नसतं, आणि तुला बाहेर ठेवून मला जायचं नव्हतं. बाटली तुझ्यासाठीच घेतली होती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार होते? तू आलीच नसतीस. म्हणून मीनलला विचारत होते, कँटीनमध्ये."

माझा जीव तिने वाचवला होता, त्यात वाद नाही. इतके महिने त्या दोघी डोकं लावून बोलत होत्या ते माझ्याबद्दल होतं, त्यातही नाही. बोटीवरच्या बाकीच्यांना वाटलं मी घाबरून रडतेय. पण मी रडत होते कारण माझ्याबद्दल काळजी वाटली, तर ती बोलायला राजसीला मीनल लागली.