दाजींच्या जीपचा तिसरा प्लग

आमच्या दाजींचा माणसांवरच विश्वास नव्हता, तिथे भुताखेतांवर कुठून बसणार? मीही त्याच पंथाचा. अंगात आलेल्या बाईला कांदा हुंगवणारा. त्यामुळे हे वाचून हसलात तरी राग नाही... मीही हसलो असतो.

साल नक्की आठवत नाही, सत्तरच्या दशकातलं मधलं एखादं. मी जेऊरहून सोलापूरला, साखर पेठेत ताईकडे राहायला आलो होतो. दाजींचा चादरींचा धंदा. लष्कराच्या लिलावातली एक म्हातारी जीप त्यांनी घेतली होती. गावोगावच्या बाजाराला चादरींचे गठ्ठे घालून ती मी चालवायचो.

नवरात्रात जीप मिसिंग करायला, म्हणजे धक्के खात चालायला लागली. प्लग गेले होते. गॅरेजवाले नवे प्लग ढापतात आणि जुनेच घासूनपुसून बसवतात, असा दाजींचा दाट संशय. म्हणून काम घरीच, दारात. मी चारही प्लग काढून नवे बसवले. दाजी शेजारी स्टूल टाकून डोळ्यांत तेल घालून बसले होते. जुने प्लग नवे म्हणून कुणी गळ्यात मारू नयेत, यासाठी त्यांनी प्रत्येकावर कानशीने एकेक रेघ मारली आणि ते कागदात बांधून लोखंडी कपाटात ठेवले. किल्ली करदोट्याला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. जीप धुतली, झेंडूचा हार घातला. पान्यापासून हातोडीपर्यंत सगळी हत्यारं पाटावर मांडून ताईने हळदकुंकू वाहिलं. पूजेतल्या हत्याराला आमच्यात दसरा उजाडेपर्यंत कुणी हात लावत नाही, आणि प्लगचा पाना घरात तेवढा एकच.

दसऱ्याला सकाळी अक्कलकोटला दर्शनाला निघायचं होतं. स्टार्टर मारला — पुन्हा मिसिंग. दाजींनी पाटावरचा पाना स्वतः उचलला. त्याच्यावरचं हळदकुंकू जसंच्या तसं होतं. मी एकेक प्लग काढत गेलो. तिसरा काळाकुट्ट निघाला... आणि त्याच्यावर कानशीची रेघ.

दाजींनी कपाट उघडलं. कागदात तीन जुने आणि एक नवा. नव्याला हात लावला, तर तो गरम होता.

"दुसरी किल्ली कवा करून घेतलीस?" दाजींनी विचारलं. आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"दाजी, ताईची शप्पत, मी हात लावला न्हाय."

"तिला मधी आणू नगंस."

ताई दाराशी उभी होती, ती आत निघून गेली. भाऊ चोर ठरल्यावर तिने सासरी मान वर करून कसं वावरायचं? मी काढलेले प्लग परत बसवले, हात धुतले, मग खोलीतली माझी पेटी उचलली आणि मिळेल त्या गाडीने जेऊरला निघून आलो. सोनं वाटायलाही थांबलो नाही.

काही दिवसांनी दाजी आमच्या दारात हजर. पाण्याचा तांब्या दिला, तो तसाच हातात धरून बसले. नवा प्लग त्यांनी स्वतः बसवला होता, पानाही कपाटात बंद ठेवला होता. तरी तिसऱ्या जागी पुन्हा तोच रेघेवाला आला होता.

"तू तर हितं हुतास की," ते म्हणाले. "मग आता संशय घिऊ कुणावर? माझंच मला भ्या वाटाया लागलंय."

मला हसू आलं नाही. इतका संशयी माणूस, पण स्वतःवर संशय घ्यायची पाळी आल्यावर पार खचला होता. मी त्यांच्याबरोबर परत गेलो, प्लग पुन्हा बदलला... आणि तो टिकला. पुढे जीप भंगारात गेली. हे कसं झालं, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. तुम्हाला माझाच संशय येत असेल, तर येऊ द्या.

पण एक सांगायचं राहिलं. त्या दसऱ्याला जेऊरला पोचून पेटी उघडली, तेव्हा आतल्या कपड्यांच्या नीट घड्या घातलेल्या होत्या. मी कपडे नेहमी कोंबतो. घड्या ताईच्या हातच्या होत्या. किल्ली सापडते का, ते तिनेही बघून घेतलं होतं. प्लगचं कोडं एक वेळ राहू दे... पण हे मी तिला आजवर विचारू शकलो नाही.