वेलचीचं नाव जनरल

“मॅडम, इस शाजी को कल निकाल रहा हूँ. व्हिसा कॅन्सल. आप रिपोर्ट में बस लिख दो कि लीक इसी ने किया,” शेठ म्हणाले.

शाजी समोरच उभा होता. दहा वर्षं सेल्समध्ये. मुलगी शारजात दहावीला. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, म्हणजे घर आणि शाळाही. नेलपॉलिशला रिमूव्हर लावल्यासारखा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

मी दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या एका सायबर सिक्युरिटी कंपनीत काम करते. शेठचा देराच्या जुन्या बाजारात मसाल्याचा होलसेल धंदा. ते जो रेट गिऱ्हाइकाला देत, त्याच्या खालचा रेट समोरचं दुकान लगेच देई. रेट कुठून फुटतो ते शोधायला मला बोलावलं होतं. मी मेल, फोन, वायफाय सगळं तपासलं. सगळं स्वच्छ.

“पुराव्याशिवाय नाव लिहिणार नाही. आठवडा द्या,” मी म्हटलं.

त्या आठवड्यात शेठचा मुलगा करण मीटिंगला आला. नुकताच अमेरिकेतून शिकून आलेला.

“पप्पा, कॉम्प्युटर हॅक होतो. अमेरिकन सिव्हिल वॉरमध्ये कॉम्प्युटर होता का?”

त्याने प्रेझेंटेशनच आणलं होतं. त्या युद्धात टेकडीवरून एकच झेंडा डावी-उजवीकडे हलवून अक्षरं कळवत. तारेने पाठवायच्या निरोपासाठी वेगळी युक्ती. शब्द रांगांमध्ये लिहायचे आणि उभ्या ओळींनी उचलायचे, एक ओळ खालून वर, दुसरी वरून खाली. वर महत्त्वाच्या नावांना टोपणनावं. ठरलेला क्रम माहीत नसेल त्याला नुसती शब्दांची भेळ दिसते.

“झेंडे नकोत,” मी म्हटलं. “दोन्ही सैन्यांची पद्धत मुळात एकच होती. एकमेकांचे निरोप वाचायचे ते.”

“ओके, फक्त कोड.”

“व्हॉट्सॲपचा कोड याच्यापेक्षा कितीतरी पक्का आहे.”

“लेकिन वो दिखता नहीं है,” शेठ म्हणाले. “ये दिखता है.”

विषय खलास. सोमवारपासून वेलची झाली ‘जनरल’, मिरी झाली ‘घोडा’. गोडाऊनमधल्या इम्रानला पहिला निरोप गेला: “पूल जनरल आजारी उद्या मोठा घोडा नाही.” करणलाच आठवेना, दुसरी ओळ वर जाते की खाली.

इम्रानचा फोन आला. ऑफिसात रेंज बरी नव्हती म्हणून शेठ गॅलरीत गेले.

“अरे, जनरल मतलब इलायची! हाँ, बड़ा दाना! रेट अस्सी! आठ, शून्य!”

खाली गल्लीत समोरच्या दुकानाचा माणूस चहा पीत होता. त्याने वर पाहिलं, कप ठेवला आणि आत गेला.

“शेठ, आधीपण रेट इथूनच सांगायचात?” मी विचारलं.

“यहाँ नेटवर्क अच्छा है ना.”

मी वाचलं होतं, त्या युद्धातही कोडमधली तार इतकी बिघडून पोचली की एक अधिकारी बराच वेळ डोकं फोडून शेवटी घोड्यावर बसून पाठवणाऱ्याकडेच अर्थ विचारायला गेला. त्याने निदान गॅलरीतून ओरडून विचारलं नाही.

शेठना पटेना. दुसऱ्या दिवशी मी खरा रेट दार लावून साध्या मेसेजने पाठवायला लावला आणि गॅलरीतून खोटा, भलताच कमी रेट ओरडायला सांगितला. शेठ एवढ्या उत्साहाने ओरडले की कबुतरं उडाली. तासाभरात समोरच्याने त्याहूनही खालचा रेट गिऱ्हाइकाला दिला. खऱ्या रेटची त्याला गंधवार्ता नव्हती.

रिपोर्टमध्ये मी शिफारस लिहिली: फोनवर बोलताना गॅलरीचं दार बंद ठेवावं.

“इतना ही?” शेठ नाराज झाले.

शाजीला त्यांनी सॉरी म्हटलं नाही. “यल्ला, काम पे लगो” एवढंच. तो लागला कामाला, आणि थोड्याच महिन्यांत दुसऱ्या कंपनीचा व्हिसा घेऊन गेला. शेठनी मला मुद्दाम फोन केला. “देखा मॅडम? आजकल लॉयल्टी नहीं रही.”

कोड फोडायला हुशार माणसं लागतात. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला दिसलं ते असं, की बहुतेक ऑफिसं समोरच्याला तेवढी तसदी पडू देत नाहीत.