शनिवारची सही

माझा तेव्हा देवावर राग होता. मुलं इस्राएलला गेली, आळीतली आमची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं एकेक करून रिकामी झाली आणि रोह्यात मागे राहिलो आम्ही दोघं. ह्यांनी शब्बाथ मात्र सोडला नाही. शनिवारी चूल नाही, वाहन नाही, हातात पेन्सिलसुद्धा नाही. मी पाळायची ती देवासाठी नव्हे, ह्यांचं मन राखायला.

नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं. एका शनिवारी सकाळीच ह्यांच्या छातीत कळ आली. डावा हात जड, अंग घामानं डबडबलेलं. शेजारच्या अन्वरभाईंनी जीप दारात आणली, तर हे खांबाला टेकून म्हणतात, "गॅस हाय गो. आज देवाच्या विसाव्याचा वार. सूर्य मावळू दे, मग जाऊ." मी रडले, भांडले, मुलांची आण घातली. गडी हलेना. शेवटी देवालाच बोल लावला, की तुझ्या नियमापायी माझा माणूस जाणार.

तेवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक कातकरीण पाणी मागायला पायरीशी थांबली. कधी न पाहिलेली. पाणी पिता पिता तिनं आमचं भांडण ऐकलं आणि ह्यांना म्हणाली, "देव आज बसून हाय म्हनतोस बाबा, मंग तुजा दम कोन चालवतो?" हे माझा खांदा धरून उठले आणि जीपमध्ये बसले. पेणच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, हार्ट अटॅक आहे म्हणाले, इंजेक्शन देऊन तडक मुंबईला धाडलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी समजावलं, हृदयाची नळी तुंबलीय, ती फुग्यानं उघडून आत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवायची. नवं तंत्र आहे, पण थांबायला वेळ नाही. सूर्य मावळायच्या आतच माझ्यापुढे संमतीचा कागद आणि पेन ठेवलं. आणि सकाळी ह्यांना वेड्यात काढणारी मी, माझाच हात उठेना! लग्नाला छत्तीस वर्षं झाली, शनिवारी एक अक्षर लिहिलं नव्हतं. ह्यांच्यासाठी पाळलेला नियम माझा कधी झाला, मलाच कळलं नव्हतं. डोळे मिटून, अडल्यानडल्याला कुठल्याही वेशात धावून येणाऱ्या आमच्या एलियाहू हनाबी या संदेष्ट्यांना म्हटलं, "माझं शहाणपण संपलं. चुकलं तर दोष माझ्या पदरात घाला, माणूस तेवढा परत द्या." सही केली. इतक्या दिवसांचा राग कुठं गेला कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदाच मी देवावर काही सोपवलं होतं.

हे वाचले. नवसाचा मलिदा केला तेव्हा त्या बाईचा वाटा काढून ठेवला, रोह्याच्या बाजारात तिला पुष्कळ शोधलं. ती पुन्हा दिसली नाही. ती कोण, यावर मी वाद घालत नाही. ती आली, एवढं मला पुरतं.

सहीच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, इस्पितळाच्या खाटेवरून ह्यांनी विचारलं, "सही कुनी केली?"

"मी."

"शब्बाथला?"

आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. ह्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला. घराच्या चौकटीवर पवित्र वचनांची छोटी डबी, मेजुजा, असते, तिला हात लावून आम्ही बोटं ओठांशी नेतो. तशी ह्यांनी माझी बोटं ओठांना लावली.