जानेफळी तपकिरी

थोरल्या बहिणीनंतरची, उकंडरावाच्या आधीची दोन पोरं जगली नाहीत, म्हणून याला जन्मल्या-जन्मल्या उकिरड्यावर लोळवलं आन् नाव ठेवलं उकंडा. उपाय लागू पडला. साठी उलटली तरी गडी जिता आहे. वावर आहे, वावरात तूर आहे, गोठ्यात बापानं ठेवलेली एक जीप आहे. फक्त जानेफळात त्याला कोणी कधी काही विचारलं नाही. पावसाचा अंदाज दुसऱ्याला विचारायचे, सोयाबीनचा भाव तिसऱ्याला. उकंडरावाकडे लोक यायचे ते टोपलं मागायला.

जीप दुसऱ्या मोठ्या लढाईतली. लढाई संपली, लष्करानं सामान लिलावात काढलं, तेव्हा बापानं आणली. बाप गेल्यावर तिच्यात कोंबड्या राहायच्या. मोबाईलवर जुन्या जीपवाल्यांचा एक ग्रुप उकंडरावाला सापडला आन् त्यानं कोंबड्यांना दुसरी जागा दिली. जीप लढाईत होती तशी, त्याच रंगात उभी करायची असं त्यानं ठरवलं.

मेहकरचा हैदर ट्रॅक्टर रंगवतो. त्याला बोलावलं.

"हिरवा मारून देतो," हैदर म्हणाला. "संध्याकाळी घिऊन जाय."

"हिरवा कोन्ता?"

"हिरवा म्हंजे हिरवा. पोपटी नाई, बस."

"अंदाज चालत नाई, हैदर. पुरावा पाह्यजे."

हैदरनं डबा खाली ठेवला. पुरावा नावाचा रंग त्यानं आजवर कालवला नव्हता.

मग उकंडराव खरवडायला बसला. वर पांढरा निघाला, तो पुतण्याच्या लग्नातला. त्याच्याखाली निवडणुकीचे दोन रंग, एक जिंकलेला, एक पडलेला. त्याखाली बँडवाल्यांना जीप भाड्यानं दिली होती तेव्हाचा गुलाबी. एकेक थर नखाएवढा उघडा ठेवत गडी खाली उतरत गेला. बायको मनकर्णाबाई चहा घेऊन यायची आन् बोलून जायची, "घरातली कढई येकडाव अशी घासली असती तं तोंड दिसलं असतं तिच्यात."

सगळ्यात तळाला मळकट हिरवा लागला. लष्कराचाच, त्यात शंका नव्हती. पण त्या हिरव्यावर, बॉनेटवर आन् दोन्ही मडगार्डवर, तपकिरी डाग होते. वेडेवाकडे, कडा फाटलेल्या, एकासारखा दुसरा नाही.

"हे तं लपायचे पट्टे हायेत," उकंडराव म्हणाला. "जंगलात दुश्मनाले गाडी दिसू नोये म्हून मारत."

हैदरनं अंगठ्यानं डाग चाचपला. "बरशचा मार नाई हा. हातानं फासेल हाये. शिपायानं घाईत फासला असन. लढाईत बरश कुठं भेटते?"

दोघांनाही ते पटलं. आता तो तपकिरी हुबेहूब कालवायचा होता. वाळलेल्या शेणापेक्षा लाल, गुळापेक्षा काळा. हैदरनं डबे वर डबे कालवले. उकंडराव पत्र्याचा तुकडा उन्हात धरायचा, सावलीत धरायचा आन् नाही म्हणायचा. एक दिवस हो म्हणाला.

फोटो ग्रुपवर गेले. ग्रुपचे प्रमुख अकोल्याचे शेषराव, निवृत्त प्राध्यापक. त्यांनी लिहिलं की असा पुरावा आजवर कोणी दिला नव्हता, आन् रंगाला नावही देऊन टाकलं, 'जानेफळी तपकिरी'. उकंडरावाचा फोन वाजायला लागला. अमरावतीहून, नागपूरहून लोक विचारायचे, साहेब, पट्टा किती रुंद घेऊ? साहेब, कडा फाटक्या ठेवू का? उकंडराव सांगायचा. सांगता सांगता तो खाटेवर ताठ बसायला शिकला. चौकात लोक त्याला जागा द्यायला लागले. पाच जणांनी आपल्या जीपा त्या रंगानं रंगवून घेतल्या, आन् त्या हैदरनंच रंगवल्या. म्हणून त्याला उकंडरावाच्या जीपला सवड मिळाली नाही. खालचा हिरवा तेवढा मारून झाला होता. जुन्या डागांचं बॉनेट पुरावा म्हणून न रंगवता भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

भाऊबीजेला सोनाळ्याहून थोरली बहीण पुष्पाबाई आली. अंगणात हैदर एकदाचा उकंडरावाच्या जीपसाठी तपकिरी ढवळत होता. पुष्पाबाई भिंतीजवळ थांबली.

"अजून गेला नाई का बे हा गेरू?"

"गेरू नाई बाई, तो लढाईतला रंग हाये," उकंडराव म्हणाला.

"कायची लढाई. बैलायच्या पोयाचा गेरू हाये. त्या साली आपला ढवळा बैल मेला, तं बाबानं त्याच्या जागी जीप नेली तोरनाखाली. आदल्या दिवशी बंपरले तूप-हयद लावली, बैलाचा खांदा म्हून. नुसता गेरू लोखंडाले धरेना, तं जवसाच्या तेलात कालवला. पंजे म्या मारले. तू व्हायचा होता तवा."

तिनं डागावर हात ठेवून पाहिला. हात मावला नाही. "लहान होती मी," ती म्हणाली आन् पाणी प्यायला आत गेली.

हैदरनं ढवळणं थांबवलं. "नोको सांगू कोनाले, भाऊ. पाच जीपा रंगवल्या म्या. लोक मले बैल रंगवनारा म्हनतीन."

"मले तं साहेब म्हनतात," उकंडराव म्हणाला.

"मंग झालं तं. कोनाचं काय जाते?"

उकंडराव बॉनेटसमोर उकिडवा बसून राहिला. सगळ्या ग्रुपला 'पुरावा पाह्यजे' म्हणून त्यानंच भंडावलं होतं. आता पुरावा अंगणातून पाणी प्यायला गेला होता. थोड्या वेळानं तो उठला. "झाकन लाव डब्याले," म्हणाला. "नुसती हिरवी राहू दे."

चिखलीला शाळेच्या मैदानावर जीपांचा मेळावा भरला. तपकिरी पंज्यांच्या पाच जीपा पहिल्या रांगेत. पुष्पाबाईला मुद्दाम आणली होती. तिनं रांग पाहिली आन् म्हणाली, "पोया बरा भरला." उकंडरावानं माईक घेतला आन् बैलापासून जवसाच्या तेलापर्यंत सगळं सांगून टाकलं.

शेषरावांनी चष्मा पुसला. "पुरावा काय?"

"मायी बहीन."

"ती आठवण झाली, उकंडराव. आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

पाचही जीपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. उकंडरावाची जीप शेवटच्या रांगेत लावली, वर पुठ्ठा टांगला: मूळ रंग अनिश्चित. जेवणाच्या पंगतीत त्याला कोणी साहेब म्हटलं नाही. एकानं मीठ मागितलं.

हात धुताना खामगावची रुपाली जवळ आली. आजोबांची जीप तिनं अजून रंगवली नव्हती.

"काका, मायी गाडी पाह्यता का येकडाव? बाकी कोनाचं मले पटत नाई आता."

उकंडराव तिच्याबरोबर गाडीपाशी गेला. खिशातून खरवडणी काढली, मडगार्डवर टेकवली आन् थांबला.

"तुमच्या घरात सगळ्यात म्हातारं कोन हाये?"

"आजी. पन तिले ऐकू येत नाई."

"मले जोरानं बोलता येते," उकंडराव म्हणाला आन् खरवडणी परत खिशात घातली.