डब्यात खोबरं घेऊन मिक्सर घ्यायला

आईचा मिक्सर गेला. आधी जळका वास आला, मग घर्र झालं, मग काहीच नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितला आणि म्हणाला, "मोटर जळलीय ताई, याचे पार्ट आता येत नाहीत." मी तो घरी आणून परत ओट्यावरच ठेवला. बंद पडलेला मिक्सर तिथे कशाला, म्हणून नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, "असू दे. तुझं काय खातोय?"

तो आईने पसंत केला होता, आम्ही रत्नागिरीहून मीरा रोडला नवीन राहायला आलो तेव्हा. स्टेशनजवळच्या दुकानात एका स्वस्त मिक्सरवर इस्त्री फुकट होती आणि बाबांचा जीव त्या इस्त्रीत अडकला. आईने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात खवलेलं खोबरं, भिजवलेल्या मिरच्या, धणे.

"इसमें पीसके दिखाव," ती म्हणाली.

दुकानदार गुजराती, हसायला लागला. "माजी, ये दुकान है, रसोडा नहीं."

"तो हम भी मिक्सर लेने आया है, इस्त्री नहीं."

बाबा बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मी शाळेतली पोर, लाजेने अर्धी झाले. पण आई हलेचना, तेव्हा दुकानदाराने मुकाट्याने वायर लावली.

मिक्सर फिरत असताना आई झाकणावर तळवा ठेवायची. मग थोडं वाटण दोन बोटांत चोळून बघायची आणि तेच बोट सरळ माझ्या तोंडासमोर. "माझी जीभ मिश्रीने मेलीय. तू सांग, कण लागतोय का?"

इस्त्रीवाल्यात लागला. दुसऱ्यातही लागला. तिसरा दिसायला अगदीच ठोकळा, वजनाला जड आणि दुकानातला सगळ्यात महाग. त्यातलं वाटण मात्र गंधासारखं. मी म्हटलं, "नाही गं लागत." आई म्हणाली, "हाच." किंमत ऐकून बाबा घरापर्यंत आमच्या दहा पावलं पुढेच चालले. दुकानातलं वाटण आईने वाया घालवलं नाही. जवळच्या पाली कोळीवाड्यातून येणाऱ्या कोळणीकडून बांगडे घेतले आणि रात्री त्याच वाटणाचं कालवण केलं. बाबांनी दोनदा भात मागून घेतला. इस्त्रीचं नाव परत निघालं नाही.

पुढे बाबा गेले आणि आई माझ्याकडे राहायला आली. कपड्यांच्या पिशव्या एका हातात आणि मिक्सर कडेवर. म्हटलं, "अगं, माझ्याकडे आहे की मिक्सर." तिने माझ्या मिक्सरकडे असं बघितलं की मीच तो उचलून माळ्यावर टाकला. मग रोज सकाळी, मी ऑफिसला निघायच्या घाईत, वेणी घालतेय, पर्स शोधतेय, तेवढ्यात बोट तोंडासमोर हजर. कण लागतोय का? "नाही गं लागत." मग ती निर्धास्त व्हायची आणि मी पळायचे.

आता ती नाही. कुणीतरी तसं बोट पुढे करावं म्हणून जीव नुसता तळमळतो. मिक्सर होता तोवर निदान तो आवाज तरी होता घरात. म्हणूनच आता कुठलाही आणून भागणार नव्हतं.

"ऑनलाइन मागव ना," नवरा म्हणाला. "अर्ध्या किमतीत मिळतोय. रेटिंग पण मस्त आहे."

"रेटिंग देणाऱ्यांनी ओलं खोबरं वाटलंय का त्यात?"

रविवारी मी डबा भरला. नवऱ्याने कपाळावर हात मारला, पण आला बरोबर. पूर्वीच्या दुकानाच्या जागी आता एसी शोरूम आहे. सेल्समन म्हणाला, "मॅडम, डेमो में सिर्फ पानी डालते हैं." मी म्हटलं, "हमारे घर में पानी कोई नहीं पीसता." मागे उभी असलेली एक बाई फस्सकन हसली आणि त्याने वायर लावली.

पहिला दिसायला देखणा, पण झाकणावर तळवा ठेवल्याबरोबर कळलं, मोटर रडतेय. दुसरा जड होता. बटण दाबलं आणि हाताखाली तीच घरघर आली. मी वाटण बोटांत चोळलं. अगदी मऊ. आणि कसं झालं कोण जाणे, माझं बोट आपोआप बाजूला गेलं, आई उभी राहायची तिकडे.

तिकडे नवरा उभा होता. चारचौघांत बोट चाटायची ज्याला किळस, त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि वाकून ते चाटलं. जरा विचार करून म्हणाला, "छान आहे. मीठ तेवढं नाहीये."

बिचारा. त्याला विचारायचं काय असतं तेच माहीत नव्हतं. मला भरून आलं. सेल्समन "कैसा है मॅडम?" म्हणत होता. मी मिक्सर पुन्हा चालू केला, झाकणावर तळवा घट्ट दाबला आणि त्या आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही असं, म्हटलं, "नाही गं लागत, आई."